पाटकरी नसलेला फड : एका खुल्या अहिराणी शब्दसंग्रहाची हकिकत

‘वेयापत्रक’ हा शब्द खान्देशात आजवर कुणाच्या तोंडून निघाला असेल असं मला वाटत नाही. आमच्या अहिराणी शब्दसंग्रहात मात्र तो तीन महिन्यांहून जास्त काळ सुखाने नांदला. अर्थाच्या रकान्यात ‘वेळापत्रक’, गावाच्या रकान्यात ‘सगळीकडे’. ते ‘सगळीकडे’ वाचूनच कुणाला तरी शंका यायला हवी होती. आली नाही, कारण त्या ओळीपर्यंत कुणी पोहोचलंच नव्हतं. संग्रह उघडा, त्याची लिंक शेकडो लोकांच्या मोबाइलमध्ये, आणि तरी तो शब्द पाहिलेला माणूस एकच : ज्याने तो भरला तो.

मी या कामात पहिल्या दिवसापासून होतो आणि जे बिघडलं त्यात माझाही हात आहे. माणसांची आणि गावांची नावं टाळली आहेत. आमच्यातले बरेच जण अजून एकमेकांच्या लग्नाच्या पंगतीत समोरासमोर येतात.

आखाजीच्या आसपास

२०२० च्या टाळेबंदीत मी पुण्याहून गावी आलो. गाव साक्री तालुक्यात, पांझरेच्या काठी. माझं काम सॉफ्टवेअर तपासण्याचं, म्हणजे दुसऱ्याने लिहिलेल्यात चुका शोधण्याचं; हे पुढे लक्षात ठेवा, कारण त्यामुळे माझी चूक जास्तच लाजिरवाणी ठरते. त्या वर्षी आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, २६ एप्रिलला होती. लेकींनी माहेरी यायचं, झोके बांधायचे, गौराईची गाणी म्हणायची, यातलं काहीच होणार नव्हतं. तेव्हा नात्यागोत्यातल्या आणि गावातल्या लोकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर बाया गाणी म्हणून पाठवू लागल्या, आणि शहरात वाढलेली पोरं त्याखाली विचारू लागली की याचा अर्थ काय. कुणी ‘आंडेर’ म्हणजे मुलगी असं सांगितलं, कुणी ‘आंडोर’ जोडला, कुणी ‘उना’ म्हणजे आला, कुणी ‘आठे’, ‘तठे’, ‘बठ्ठा’. रात्रीपर्यंत दीडएकशे शब्द झाले. ते वर सरकत जाऊन हरवू नयेत म्हणून मी एक सामायिक शीट उघडली आणि तिची लिंक ग्रुपवर टाकली. रकाने पाच : शब्द, अर्थ, वाक्य, गाव, भरणाऱ्याचं नाव. ज्याच्याकडे लिंक आहे त्याने लिहावं, दुसऱ्याचं दुरुस्तही करावं. वर एक ओळ होती : हा संग्रह सगळ्यांचा आहे, कुणीही कुठेही वापरावा.

अहिराणी धुळे, नंदुरबार, जळगाव या तिन्ही जिल्ह्यांत बोलली जाते, शिवाय नाशिक जिल्ह्यात बागलाण, मालेगाव, कळवण, देवळ्याकडे. २०११ च्या जनगणनेत ‘खान्देशी’ या नावाखाली अठरा लाखांहून जास्त लोक नोंदले गेले. भाषाशास्त्रज्ञ ग्रियर्सनने १९०७ साली भारतातल्या भाषांच्या पाहणीत खान्देशीला भिल्ली भाषांच्या खंडात बसवलं होतं; ती मराठीची बोली की स्वतंत्र भाषा, गुजरातीला किती जवळची, हा वाद आजही मिटलेला नाही. आम्हाला त्या वादात पडायचंच नव्हतं. शब्द गोळा करायला भाषाशास्त्र कशाला लागतं, असं आम्हाला अगदी मनापासून वाटत होतं.

पहिले तीन आठवडे फार सुंदर गेले. लिंक एका ग्रुपमधून दुसऱ्यात गेली. चोपडा, अमळनेर, शहादा, सटाणा, सुरतेत राहणारे खान्देशी, सगळीकडून भर पडू लागली. शीट उघडी ठेवली की समोर ओळी आपोआप भरताना दिसत. चोपड्याकडच्या एका शेतकऱ्याने ‘दादर’ लिहिलं आणि अर्थाच्या रकान्यात नुसती ‘ज्वारी’ न लिहिता काळ्या जमिनीतली, रब्बीची, आणि तिचा कडबा ढोरांना कसा आवडतो हेही लिहिलं. नोंदी दोन हजारांच्या पुढे गेल्या. मी दर रविवारी ग्रुपवर त्या आठवड्यात कुणी किती शब्द भरले त्याची यादी टाकू लागलो, पहिल्या तिघांच्या नावापुढे झेंडू. हाही माझाच वाटा.

तुकडे जमले, सांधा नाही

योचाय बेंकलर या कायद्याच्या अभ्यासकाने २००२ साली येल विद्यापीठाच्या कायदेविषयक नियतकालिकात या प्रकारच्या कामाला एक नाव दिलं आणि त्याची उपपत्ती मांडली : मालक नाही, पगार नाही, हुकूम नाही, तरी हजारो लोक मिळून मोठी वस्तू घडवतात. लिनक्स आणि विकिपीडिया ही त्याची ठळक उदाहरणं. हे कुठे जमेल, हेही त्याने सांगितलं होतं. कामाचे सुटे तुकडे पडले पाहिजेत. तुकडे लहान असले पाहिजेत, म्हणजे पाच मिनिटं असलेला माणूसही हात लावू शकेल. आणि ते तुकडे पुन्हा जोडण्याचा खर्च कमी असला पाहिजे. पहिल्या दोन अटी शब्दसंग्रहाला इतक्या चपखल बसतात की तिसरीकडे लक्षच जात नाही.

आमचा तिसरीत बोऱ्या वाजला. ‘माझा’ या अर्थी कुणी ‘मना’ लिहिलं, कुणी ‘मन्हा’. ‘आहे’ला कुणाचं ‘शे’, कुणाचं ‘से’. अहिराणीत ळ आणि ण फारसे उरत नाहीत, ळचा य होतो, णचा न : डोया, काया, शाया, मंगयवार. मग ज्वारी-उडदाच्या पिठाला मूळ नोंद ‘कळणा’ करायची की ‘कयना’? बोलीचं नाव ‘अहिराणी’ लिहायचं की ‘अहिरानी’? शीट अक्षरानुक्रमे लावली की एकच शब्द चार ठिकाणी निघायचा, चार वेगळ्या अर्थछटांसह, चार वेगळ्या गावांच्या नावाने. क्रियापदांचं तर बघायलाच नको. येणे या एका क्रियापदाच्या ‘उना’, ‘उनी’, ‘वना’, ‘येस’, ‘येतस’ अशा सुट्या नोंदी होत्या, आणि प्रत्येक भरणाऱ्याला त्याची एक ओळ रविवारच्या यादीत मोजून मिळालेली होती. कोशात मूळ रूप एक धरायचं आणि बाकीची त्याखाली घ्यायची, हे ठरवायला कुणीतरी बसावं लागतं. ते ठरलं की शेकडो ओळी विलीन कराव्या लागतात. शब्द भरायला अर्धा मिनिट लागायचा. दोन ओळी एकत्र करायला दोन्ही भरणाऱ्यांना फोन, आणि फोनवर वीस मिनिटं ‘आमच्याकडे असंच म्हणतात’.

वादही झाले. ग्रुपवर एक दिवस बागलाणचे आणि जळगावकडचे असे भिडले की रात्री दोनला मला फोन आला. जळगावकडच्या एकाने बहिणाबाईंच्या कवितांतले शब्द भरले होते. दुसऱ्याचं म्हणणं, ती लेवा गणबोली, अहिराणी नव्हे, काढून टाका. तिसऱ्याने काढून टाकले. पहिल्याने परत घातले. चार दिवस ते शब्द दिवसा असायचे, रात्री नसायचे. शहाद्याकडून आलेल्या काही नोंदी पावरी होत्या, काही भिल्ली, त्या कुणी गुपचूप पुसल्या. भरणाऱ्या माणसाने एका अक्षराची तक्रार केली नाही, फक्त पुन्हा आला नाही. शिव्या आणि जातिवाचक म्हणी ठेवायच्या की नाही यावर झालेल्या भांडणाचं इथे वर्णन करत नाही. दोन्ही बाजूंना मुद्दा होता आणि निर्णय द्यायला कुणीच नव्हतं, एवढंच. उघड्या शीटमध्ये ‘हो’ प्रत्येकाच्या हातात असतो, ‘नाही’ कुणाच्याच हातात नसतो. किंवा सगळ्यांच्याच असतो, आणि मग जो जास्त जागतो त्याचा ‘नाही’ चालतो.

एक गोष्ट मला फार उशिरा दिसली. लिंक सगळ्यांना मिळाली होती, पण भरणारे जवळजवळ सगळे पुरुष. सुरुवात बायांच्या गाण्यांनी झाली होती, आणि शीट आली तशा बाया गप्प झाल्या. शेत, बैल, बाजार, चावडीवरच्या थट्टा यांचे शब्द ढिगाने. जात्यावरचे, बाळंतिणीच्या खोलीतले, कानबाईच्या रोटांच्या वेळचे शब्द हाताच्या बोटांवर. माझ्या मायला विचारलं तर म्हणाली, रकान्यात काय लिहू, मी बोलते ते तू लिही. मी म्हटलं, आत्ता मीटिंग आहे. दार उघडं ठेवलं म्हणजे सगळे आत येतात असं नाही; ज्याला दारातून जायची सवय आहे तोच येतो.

दोन रात्री, नऊशे ओळी

जूनमध्ये सुरतेत वाढलेल्या एका इंजिनिअरिंगच्या पोराने दोन रात्रींत सुमारे नऊशे शब्द भरले. आम्ही टाळ्या वाजवल्या, झेंडू दिला. त्याचे आईवडील खान्देशातले, त्याला बोली कळायची, बोलता थोडी यायची. त्याने मराठी शब्दांची एक यादी घेतली आणि छोटा प्रोग्रॅम लिहिला : ळ असेल तिथे य, ण असेल तिथे न. ‘वेयापत्रक’, ‘तायेबंद’, ‘निखय’, ‘प्रमानपत्र’ आणि असं बरंच काही. अर्थाच्या रकान्यात मूळ मराठी शब्द.

सप्टेंबरात एका संध्याकाळी माय शेंगा फोडत बसली होती आणि मी मोबाइलवरून ओळी वाचत होतो, सहज, तिला ऐकवायला. ‘तायेबंद’वर ती हसली. “हाई कोन बोलस?” म्हणाली. मग मी त्या भरणाऱ्याच्या नावाने शीट गाळली आणि पोटात गोळा आला.

सगळ्या ओळी एका झटक्यात पुसून टाकता आल्या असत्या तर ही गोष्ट इथेच संपली असती. पण त्याच नियमाने ‘शाया’ही तयार झाली होती, ‘मंगयवार’ही, ‘निवडनूक’ही, आणि ते शब्द घराघरात बोलले जातात. काही ठिकाणी माणसांनी आधी भरलेली ओळ या पोराच्या ओळीत विलीन होऊन गेली होती. आणि काही शब्द असे की सांगताच येईना. ‘चयवय’ घ्या. चळवळ हा पुस्तकी शब्द, कुणी कशाला बोलेल, असं मला वाटलं; अमळनेरचा एक जण म्हणाला, थांबा, आमचे आजोबा बहुतेक म्हणायचे. बहुतेक. खऱ्या-खोट्याची अशी सरमिसळ झाली की निवडायला प्रत्येक ओळ घेऊन जिवंत माणसापुढे जावं लागतं. घालायला दोन रात्री लागल्या होत्या. आम्ही हिशेब केला, रोज दहा शब्द तपासले तरी फक्त त्याच्या ओळींना तीन महिने.

त्या पोराला मी फोन केला तेव्हा तो रडवेला झाला. त्याच्या मनात खोट नव्हती. आम्ही शब्द वाढवा म्हणालो होतो, त्याने वाढवले. मोजत आम्ही ओळीच होतो.

योगायोग असा की त्याच्या आदल्याच महिन्यात, २०२० च्या ऑगस्टमध्ये, स्कॉटलंडमधल्या स्कॉट्स भाषेच्या विकिपीडियाची अशीच गोष्ट जगासमोर आली होती. ती भाषा धड न येणाऱ्या एका अमेरिकन मुलाने बारा वर्षांचा असल्यापासून तिथे लिहायला सुरुवात केली होती आणि वीस हजारांहून जास्त लेख लिहिले होते, इंग्रजी वाक्यं घेऊन त्यांना स्कॉट्सचा वेष चढवून. वर्षानुवर्षं कुणी बोललं नाही. तो तिथे व्यवस्थापकही झाला होता. त्याच्याही मनात पाप नव्हतं. इंग्रजी विकिपीडियावर असं झालं असतं तर दुसऱ्या दिवशी शंभर जणांनी पकडलं असतं. खुल्या कामाची सगळी भिस्त चूक पकडणाऱ्यांच्या गर्दीवर असते. जिथे भाषा जाणणारे आहेत पण ते संगणकापुढे नाहीत, तिथे ती गर्दी जमतच नाही आणि दार मात्र तेवढंच उघडं राहतं.

माझ्या धंद्यात एक म्हण होऊन बसलेलं वाक्य आहे, पुरेशा नजरा असल्या की कुठलीच चूक खोल राहत नाही. मी ते ट्रेनिंगमध्ये नव्या पोरांना सांगतोही. पण २०१४ च्या एप्रिलमध्ये ओपनएसएसएल या खुल्या सॉफ्टवेअरमधलं ‘हार्टब्लीड’ नावाचं भगदाड उघड झालं, तेव्हा ते दोन वर्षं तिथेच होतं. जगभरातल्या असंख्य संकेतस्थळांचे पासवर्ड ज्याच्या भरवशावर होते, त्या कामावर पूर्ण वेळ बसणारा माणूस जेमतेम एक होता, आणि देणग्या वर्षाला दोन हजार डॉलरच्या आसपास. वापरणारे कोट्यवधी, बघणारा एक. हे मला ठाऊक होतं. तरी शीट उघडताना मी तपासणाऱ्याचा रकाना ठेवला नाही.

आणखी एक भानगड, थोडक्यात. एका सभासदाने तीनेकशे नोंदी एका छापील कोशातून जशाच्या तशा टंकल्या होत्या. छपाईतली एक चूकही आली म्हणून कळलं. शब्द कुणाच्या मालकीचे नसतात, पण त्यांची निवड, मांडणी आणि व्याख्या यांवर १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचं संरक्षण असतं. आम्ही तर वर लिहून ठेवलं होतं की कुणीही कुठेही वापरावं. दुसऱ्याचं आम्ही दान करून बसलो होतो. त्या ओळी काढल्या, तो सभासद रागावून गेला.

आप्पांचा प्रश्न

माझे चुलत आजोबा, ज्यांना गाव आप्पा म्हणतं, यांनी तरुणपणी काही वर्षं फडात पाटकरी म्हणून काम केलेलं. पांझरा, मोसम, आरम या नद्यांवर दगडी बंधारे बांधून पाटाने पाणी घेण्याची आमच्याकडची फड पद्धत तीनचारशे वर्षांची जुनी मानतात. बंधाऱ्याखालचं क्षेत्र तीन-चार फडांत वाटलेलं, एका फडात त्या वर्षी एकच पीक, पुढच्या वर्षी पिकांची फेरपालट. शेतकऱ्यांचे तुकडे शक्यतो सगळ्या फडांत, म्हणजे पाणी कमी पडलं तर सगळ्यांना थोडं थोडं कमी. पाणी फिरवायला पाटकरी, पीक राखायला जागल्या, वर देखरेखीला हवालदार, आणि भांडण तोडायला पंच. पाट साफ करायला घराघरातून माणूस. लोकांनी मिळून चालवलेली व्यवस्था म्हणून अभ्यासक तिचं कौतुक करतात, आणि मीही आमच्या शब्दसंग्रहाबद्दल बोलताना ग्रुपवर एकदा मोठ्या तोऱ्यात लिहिलं होतं, की हा आपला ऑनलाइन फड आहे.

ते आप्पांना सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. शीट म्हणजे काय, ओळ म्हणजे काय, कोण भरतं, कोण पुसतं. मग विचारलं, “मंग तुमना पाटकरी कोन शे?”

मी म्हटलं, पाटकरी नाही, सगळेच पाणी घेतात आणि सगळेच सोडतात.

त्यांना ते खरंच समजेना. फड सगळ्यांचा कधीच नव्हता, म्हणाले. फड फडातल्यांचा. कुणाची किती जमीन, कुणाची पाळी कधी, हे ठरलेलं. पाटावर हात पाटकऱ्याचा. शेतकऱ्याने स्वतः बारं, म्हणजे शेतात पाणी घ्यायची वाट, फोडलं तर दंड, मग तो पाटलाचा पोरगा का असेना. आणि पाटकऱ्याला खळ्यावर धान्य मिळायचं. पीक चांगलं येवो न येवो, त्याचं माप ठरलेलं असायचं. रात्री बारा वाजता थंडीत पाण्यात उभं राहायला कोण फुकट येईल?

मी वाद घातला, कारण मला दुसरी बाजूही दिसत होती. पाणी एकाने घेतलं की दुसऱ्याला कमी पडतं. शब्दाचं तसं नाही, तू ‘डोया’ घेतलास म्हणून माझा ‘डोया’ कमी होत नाही. मग कुंपण कशाला? शिवाय फड काही न्यायाचा स्वर्ग नव्हता. ज्याची जमीन नाही त्याला पाण्यात वाटा नाही. जागल्या रात्रभर ज्या उसाची राखण करायचा त्यातलं एक टिपरूही त्याचं नसायचं. आप्पांनी हे नाकारलं नाही.

पण नंतर विचार करताना माझ्याच युक्तिवादात भोक सापडलं. आमच्या कामात कमी पडणारी गोष्ट शब्द नव्हतीच. कमी होती ती जाणकाराची नजर. मायसारख्या बाईची एक संध्याकाळ, अमळनेरच्या आजोबांची आठवण, विलीन करायला बसणाऱ्याची रात्र. ती वापरली की संपते, अगदी पाण्यासारखी. प्रत्येक नवी ओळ त्या नजरेवर पाळी लावत होती, आणि ती पाळी लावण्यावर कसलीच रोकटोक नव्हती. एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी १९९० मध्ये जगभरातल्या सामायिक पाण्या-कुरणांच्या अभ्यासातून दाखवलं की टिकलेल्या व्यवस्थांत हद्द स्पष्ट असते, पाळत असते, चुकणाऱ्याला हळूहळू चढत जाणारा दंड असतो. त्यासाठी त्यांना २००९ चं अर्थशास्त्राचं नोबेलही मिळालं. आप्पांनी तेच खाटेवर बसून, बिडी विझेपर्यंत सांगितलं होतं. फरक एवढाच, की मी हद्द शब्दांभोवती घालायला निघालो होतो आणि ती घालायची होती तपासणाऱ्याच्या वेळाभोवती.

इंग्रजीच्या ऑक्सफर्ड कोशाचं उदाहरण खुल्या सहकार्याचं म्हणून नेहमी दिलं जातं. १८७९ मध्ये संपादक जेम्स मरे यांनी लोकांना आवाहन केलं आणि देशोदेशीच्या वाचकांनी अवतरणांच्या चिठ्ठ्या पाठवल्या. ते खरंच आहे. पण चिठ्ठ्या लोकांनी पाठवल्या, कोश संपादकांनी केला, पगारी माणसं घेऊन, पत्र्याच्या खोलीत कप्पे लावून. तो पुरा झाला १९२८ साली, मरे वारल्यावर तेरा वर्षांनी. आम्ही चिठ्ठ्या मागवल्या होत्या आणि कप्प्यांची खोलीच बांधली नव्हती.

पाट बांधल्यावर

ऑक्टोबरात शीट बंद केली. आता बाहेरच्याला सुचवता येतं, लिहिता येत नाही. पाच जणांचं संपादक मंडळ केलं, त्यातल्या दोन बाया, आणि विलीन करायचा अधिकार फक्त त्यांना. नियम एकच कडक ठेवला : प्रत्येक शब्दाला दोन गावांतले दोन साक्षीदार, त्यातला एक साठीच्या पुढचा, आणि शब्द त्यांना वाचून दाखवायचा नाही. ‘तुम्ही अमुक म्हणता का’ असं विचारलं की आपली माणसं पाहुणचार म्हणून हो म्हणतात. वस्तू किंवा प्रसंग सांगायचा आणि शब्द त्यांच्या तोंडून येऊ द्यायचा. एम.ए. करणाऱ्या दोन मुलींना प्रत्येक तपासलेल्या नोंदीमागे ठरावीक पैसे द्यायचे ठरवलं; ते आम्ही सात जण दरमहा वर्गणीने उभे करतो. त्या मुली हे काम मोबाइलवर आवाज नोंदवून करतात, आणि मायच्या, तिच्या मैत्रिणींच्या, पलीकडच्या गावातल्या सुईणीच्या तोंडचे जे शब्द वर्षभरात आले ते उघड्या शीटमध्ये कधीच आले नसते. त्यासाठी कुणाला तरी त्यांच्या ओट्यावर जाऊन बसायचे पैसे मिळावे लागले.

किंमतही मोजली. शीट बंद केल्याच्या आठवड्यात ग्रुप सोडणाऱ्यांची रांग लागली. ‘तुम्ही मालक झालात’ हा आरोप मला सगळ्यात जास्त झोंबला, कारण तो सपशेल खोटा नाही. पाचही संपादक पांझरा खोऱ्यातले आणि धुळ्याच्या आसपासचे. बागलाणचं बोलणं आता संग्रहात पाहुण्यासारखं येतं, नवापूर-शहाद्याकडचं जवळजवळ येतच नाही. ज्या माणसाच्या पावरी नोंदी पुसल्या गेल्या त्याला मी दोनदा फोन केला, त्याने नम्रपणे सांगितलं की आता आमचे शब्द आम्हीच गोळा करू. चोपड्याच्या दादरवाल्या शेतकऱ्याला सुचवण्याचं बटण सापडत नाही, तो मला फोनवर शब्द सांगतो आणि मी भरतो. बटणाने वगळलेले असे आणखी किती असतील, ते फोन न करणारे असल्यामुळे मला कळणार नाही.

आणि एक गट जुन्या शीटची प्रत घेऊन वेगळा झाला. त्यांना तो हक्क होताच, आम्हीच वर लिहून दिला होता. त्यांचा संग्रह आमच्यापेक्षा चौपट मोठा आहे, आणि त्यात ‘वेयापत्रक’ अजून आहे. आमचा लहान आहे आणि सावकाश वाढतो. दोन्ही गटांनी मिळून काम करावं असे प्रयत्न झाले, चहा झाला, फोटो झाले. त्यांचं म्हणणं, तुमच्या वेगाने बोली आधी मरेल. आमचं म्हणणं, तुमच्या वेगाने ती जिवंत असतानाच बनावट होईल. मला त्यांच्या म्हणण्यात तथ्य वाटतं, हे मी आमच्या ग्रुपवर लिहिलेलं नाही.

रविवारची यादी बंद केली. झेंडूही.

‘चयवय’ची ओळ आमच्याकडे पिवळ्या रंगात आहे, म्हणजे निर्णय बाकी. गेल्या हिवाळ्यात शिंदखेड्याकडच्या ऐंशीच्या पुढच्या एका आजोबांना आमच्या त्या दोन एम.ए.वाल्या मुलींपैकी एकीने जुन्या मोर्च्यांबद्दल विचारलं आणि शब्द सांगितला नाही. तिच्या नोंदवहीत आहे की त्यांनी बोलता बोलता तो दोनदा वापरला, आपणहून. म्हणजे प्रोग्रॅमने बनवलेला, आम्ही खोटा ठरवायला निघालेला शब्द एका घरात तरी खरा आहे. अमळनेरच्या आजोबांना विचारायला गेलो तेव्हा ते वारले होते. दुसरा साक्षीदार अजून मिळालेला नाही, आणि ओळ पिवळीच आहे.